उतू न गेलेलं दूध

पटलं नाही तर वाचून सोडून द्या. पण मनाने रचलेलं आहे असं म्हणू नका, कारण ज्या घरात हे घडलं तिथं मी स्वतः चार दिवस राहून आले आहे.

गोष्ट माझ्या धाकट्या जावेची, दानेश्वरीची. गाव कोप्पा, शृंगेरीच्या वाटेवरचं. दिवस, धनुर्मास लागायच्या आधीचा शेवटचा गुरुवार. वेळ दिवेलागणीची.

आम्ही विजापूरची माणसं. उन्हात वाढलेली, भाकरी खाणारी. दानू शाळेत गणित शिकवते. तिची बदली थेट मलनाडात झाली, तेव्हा घरात सुतकासारखी शांतता पसरली होती. तिकडे धुकं, जळवा, सुपारीच्या बागा, आणि बाराही महिने ओल. कन्नडच बोलायचं, पण त्यांचं बोलणं वेगळं, आपलं वेगळं. माझा दीर सिद्धलिंग मात्र खुशीत होता. त्याचं काम संगणकावरचं, कुठूनही चालणारं.

"चल, तुला थंड हवेच्या ठिकाणी ठेवतो," तो म्हणाला.

घर बघायचं होतं. तेही धनुर्मासाच्या आत. धनुर्मासात आमच्यात कोणी नव्या घरात पाऊल ठेवत नाही.

पहिलं घर मिळालं ते गावाच्या वरच्या अंगाला, सुपारीच्या बागेत. मालकीण पुट्टम्मा. एकटी म्हातारी, गुडघे गेलेले, भिंत धरून चालायची. पोटच्या मुलाने बंगळूरला जाताना मधलं दार विटांनी बुजवून घराचे दोन भाग केले होते. मागे पुट्टम्मा, पुढचा भाग भाड्याने द्यायला.

"भाडं तुम्हीच ठरवा," ती म्हणाली. "माझं एकच मागणं. संध्याकाळी दिवा लावला की मी या भिंतीवर पेला वाजवते. तुम्ही पलीकडून वाजवा. म्हणजे तुम्हाला कळेल मी आहे, आणि मला कळेल घरात माणसं आहेत."

"आणि एखाद्या दिवशी तुमच्याकडून नाही वाजलं तर?" सिद्धलिंगने चेष्टेने विचारलं.

"तर येऊन बघा. येताना खायला काही आणू नका. चार माणसं आणा, उचलायला."

तिघंही हसली.

घर अंधारं होतं. कोपऱ्यात बुरशी होती. दानूच्या मनात होय-नाही चालू होतं. पण मुहूर्त तर त्याच दिवशीचा. मग तिने ठरवलं, दूध तेवढं आता उतू घालू. घराचं नंतर बघू.

इथंच चुकलं.

दूध उतू गेलं म्हणजे घर आपलं झालं, आपण घराचे झालो. भाड्याचं असलं म्हणून काय झालं! हे दानूला काय ठाऊक नव्हतं? पण मुहूर्त हातचा जाईल या घाईत तिने चुलीवर पातेलं ठेवलं.

दूध सरसरून वर आलं. पूर्वेच्या अंगाने ओघळलं.

पुट्टम्माचे डोळे भरून आले. "कितीतरी दिवसांनी या चुलीवर काही उतू गेलं गं बाई." मग भिंत धरत धरत ती आपल्या भागात गेली आणि पलीकडून आवाज आला.

टक्... टक्... टक्.

दानूने हसत पळीने वाजवून उत्तर दिलं.

"ऐकू आलं गं!" पलीकडून म्हातारी ओरडली. "आणि भाकऱ्या थापशील ना, तेही ऐकू येईल मला!"

किल्ली घेऊन दोघं निघाली. सामानाचा टेम्पो दुपारी यायचा होता.

दुपारी शाळेत नागवेणी टीचर भेटल्या. "तिकडे वर? अहो, संध्याकाळनंतर पायाखालचं दिसत नाही तिथं. माझ्या भावाचा वरचा मजला रिकामा आहे. शाळेला लागून. ऊन येतं, फरशी आहे, न्हाणीघर आत आहे."

ऊन येतं म्हटल्यावर विजापूरची पोर विरघळली. घर पाहिलं आणि टेम्पो तिकडेच वळवला.

"अगं, त्या आजींना सांगून तरी येऊ," सिद्धलिंग म्हणाला.

"उद्या सांगते. आज सामान लावू दे."

नव्या घरातही दूध ठेवलं. मुहूर्त तोच, गुरुवार तोच. एकाच दिवशी दोन घरांत दूध... असं कुणी केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

गॅस मोठा केला.

दूध वर येईना.

कडेला बुडबुडे यायचे आणि पुन्हा खाली बसायचे. आटत गेलं. तांबूस झालं. बुडाला लागल्याचा वास सुटला.

"इथलं दूधसुद्धा इथल्या माणसांसारखं," सिद्धलिंग म्हणाला. "कितीही तापवा, उसळत नाही."

दानूने त्याची पाठ वळल्यावर पळीने थोडं दूध काठावरून सांडलं.

"झालं बाई एकदाचं," ती म्हणाली.

संध्याकाळी ती पहिली भाकरी थापायला बसली. थप थप थप... तव्यावर टाकायला हात थांबवला.

आवाज थांबला नाही.

टक्... टक्... टक्.

समोरच्या भिंतीतून.

दानूने खिडकी उघडून बाहेर पाहिलं. स्वयंपाकघर वरच्या मजल्यावर, मागच्या बाजूला. भिंतीच्या पलीकडे काही नाही. खाली सरळ उतार आणि कॉफीची झाडं. तिथं उभं राहून भिंत वाजवायला माणूस हवेतच तरंगायला हवा.

"पाण्याचा पाईप असेल," सिद्धलिंग म्हणाला. "थंडीने आवळतात."

दुसऱ्या दिवशी पुट्टम्माकडे जायचं होतं. दानू गेली नाही. काय सांगायचं? तुमच्या घराला बुरशी आहे म्हणून पळालो, असं? तिला लाज वाटत होती. किल्ली पर्समध्येच राहिली. शाळेतून बाजारात जायला वरचा रस्ता जवळचा, पण ती खालून वळसा घालून जाऊ लागली.

दिवेलागणीला आवाज यायचाच. तीनदा. मग थोडं थांबून तीनदा. कुणीतरी वाट बघतंय असं वाटायचं.

दानूला तो पेल्याचा आवाज वाटत होता. हे तिने मला नंतर कबूल केलं. पहिल्या दिवसापासून वाटत होता. पण गावाच्या वरच्या टोकाचा आवाज खालच्या घरात कसा येईल? ती मनाला समजवायची, पाईप आहे, पाईप.

मग एक संध्याकाळ अशी आली की...

आवाज थांबेचना.

टक् टक् टक् टक् टक्. मध्ये श्वास घ्यायलासुद्धा उसंत नाही. दानूने मिक्सर लावला. मिक्सर बंद केला, तरी आवाज चालूच. सिद्धलिंगने पाईपला शिव्या घातल्या आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

दुसऱ्या संध्याकाळी आवाज अगदी बारीक झाला. नखाने खरवडल्यासारखा.

तिसऱ्या संध्याकाळी काहीच नाही.

दानूला बरं वाटलं. हो, बरं वाटलं तिला! तेच आठवून ती आजही रडते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी नागवेणी टीचर डबा उघडता उघडता म्हणाल्या, "बरं झालं हो तुम्ही वरच्या घरात गेला नाहीत. ती पुट्टम्मा गेली. कितीतरी दिवस कुणाला पत्ताच नव्हता."

दानूचा घास हातातच राहिला.

शाळा सुटल्यावर ती वर गेली. धुकं उतरत होतं. पुट्टम्माच्या अंगणात एक बाई झाडत होती. शेजारच्या बागेतली जलजा.

"तुम्ही कोण?" जलजाने विचारलं.

"मी... शाळेत शिकवते."

"आजीला ओळखत होता?"

दानूने मान हलवली. कोणती ते तिलाही कळलं नाही.

"मी रोज सकाळी डोकावायचे हो तिच्याकडे," जलजा सांगू लागली. "पण ती कुंपणाशी येऊन म्हणाली, आता नको येऊस गं, माझे भाडेकरू आलेत. दूध पूर्वेला उतू गेलं म्हणून नाचायची बाकी होती. मुलालाही फोन करून सांगितलं, आता माझी काळजी सोड. मग आम्ही सगळ्यांनीच सोडली."

"मग?"

"मग काय? स्वयंपाकघरात पडली. हाड मोडलं. उठता येईना. हाताशी पेला होता..." जलजाचा झाडू थांबला. "मला ऐकू यायचा हो आवाज. संध्याकाळी भिंत वाजायची. मी म्हणायचे, बघ कशा दोघी गप्पा मारतायत."

दानूने उघड्या दारातून आत पाहिलं. बुजवलेल्या दाराशेजारी भिंतीचे पोपडे निघाले होते. खालच्या बाजूला, जमिनीवर पडलेल्या माणसाचा हात पोचेल तिथं. आतली वीट दिसत होती. चेपलेला पितळी पेला कुणीतरी कोनाड्यात ठेवला होता. ओट्यावर दोन ताटं होती, केळीच्या पानाने झाकलेली. पानं वाळून काळी पडली होती.

"भाडेकरूंसाठी तांदळाचे कडुबू उकडून ठेवले होते," जलजा म्हणाली. "ती माणसं राहायला आलीच नाहीत, हे मागाहून कळलं. कोण होती देव जाणे. त्यांना कळलं तरी असेल का?"

दानूने पर्समधून किल्ली काढली. जलजाचं लक्ष नाही असं बघून खिडकीत ठेवली. आम्हीच ते भाडेकरू, हे तीन शब्द तिच्या तोंडातून निघाले नाहीत. आजतागायत निघाले नाहीत.

ती घरी आली तेव्हा दिवेलागण झाली होती. देवापुढे दिवा लावला. आणि...

टक्... टक्... टक्.

अगदी शांत. पहिल्या दिवसासारखं.

दानूच्या हातात पळी होती. तिने भिंतीवर वाजवलं, तीनदा.

पलीकडे शांत झालं.

तेव्हापासून ती रोज उत्तर देते. सिद्धलिंगने आधी खूप थट्टा केली. "तुझी मैत्रीण आली बघ," म्हणायचा. मग दानूला प्रशिक्षणासाठी चिकमगळूरला एक रात्र राहावं लागलं. जाताना तिने बजावलं, "दही विरजून ठेव, गॅसवाला येईल, आणि दिवा लावलास की भिंतीवर तीनदा वाजव. विसरू नकोस."

तो विसरला. मॅच होती.

दुसऱ्या दिवशी ती परतली, तर स्वयंपाकघरात जमिनीवर पोपडे पडलेले. भिंतीच्या खालच्या बाजूला वीट उघडी पडलेली. आणि सिद्धलिंग तिथंच भिंतीला टेकून बसलेला. बोटांची सालटी निघाली होती.

"मी वाजवलं गं," तो म्हणाला. "पण उशिरा वाजवलं. मग ती थांबेचना... मी वाजवत राहिलो, तरी थांबेचना."

त्यानंतर त्याने कधी थट्टा केली नाही.

मी गेले ती शिवरात्रीला. संध्याकाळी दानूने दूध मोठ्या आचेवर ठेवलं आणि सरळ देवापाशी गेली. मी धावले गॅस बंद करायला.

"असू द्या हो, वहिनी," ती म्हणाली. "आमच्याकडे उतू जात नाही."

मी उभी राहून बघितलं. खरंच गेलं नाही. बुडबुडे आले आणि खाली बसले.

मग भिंत वाजली. मी कानांनी ऐकलं. बाहेरच्या खोलीत सिद्धलिंगने टीव्ही बंद केला. दानू पळी घेऊन उठली, आणि वाजवून झाल्यावर भिंतीला हात लावून थोडा वेळ तशीच उभी राहिली.

यंदा तिला परत विजापूरला यायची संधी होती. आम्ही तिच्यासाठी घरसुद्धा बघून ठेवलं होतं, उजेडाचं, कोरडं, आमच्याच गल्लीतलं. तिने बदली नको म्हणून कळवलं. मी फोनवर खूप रागावले.

"वेड लागलंय का तुला? त्या भिंतीसाठी आयुष्य काढणार तिथं?"

"वहिनी, एकदा तिला न सांगता घर बदललं," ती म्हणाली. "आता सांगितल्याशिवाय कसं बदलू? आणि सांगायचं कसं?"

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात आले. हल्ली दूध तापवताना मी ओट्यापासून हलत नाही. मुद्दाम उतू जाऊ देते. नवरा म्हणतो नासाडी आहे. पण ओटा पुसताना मला जरा बरं वाटतं.