काजवा मुका नव्हता!

सहा दिवस काजवा बोलला नव्हता.

काजवा म्हणजे भोरच्या एका शाळेतल्या मुलांनी बनवलेला, जेवणाच्या डब्याएवढा उपग्रह. आज डोक्यावरून जाणाऱ्या साडेअकराच्या फेरीतही त्याचा आवाज आला नाही, तर अवकाश केंद्र त्याला खाली आणून हवेत जाळून टाकणार होतं. हे ऐकून मृण्मयीचं डोकंच फिरलं. दोन वर्षं खपून त्याच्या तारा तिने जोडल्या होत्या!

"नीट तपासलंस का तरी?" ती ठोकळ्यावर खेकसली. ठोकळा हा शाळेच्या रेडिओ खोलीतला यंत्रमानव.

"गेन (संकेत किती पटीने मोठा करायचा ते प्रमाण) अगदी पूर्ण आहे," तो ऐटीत म्हणाला. "वर्गाचा मॉनिटर रोज तो एक घर वाढवतो. शाळेची पद्धतच आहे."

"आणि कमी कोण करतं?" मृण्मयीच्या सुमनआत्याने विचारलं. ती रेडिओशास्त्रज्ञ होती.

ठोकळ्याने नोंदी चाळल्या. कमी करायचं काम कुणाकडेच नव्हतं.

"अगं," आत्या मृण्मयीला म्हणाली, "गेनने संकेत वाढतो तसा गोंगाटही (नको असलेल्या लहरी) वाढतो. त्यात समोर एफएमचा मनोरा. त्याच्या दणक्याने रेडिओ भांबावतो. संमेलनात माइक फार वाढवला की शब्द कळत नाहीत ना, तसंच. गेन शून्यावर आण. हळूहळू वाढव. पडद्यावरची तळाची रेघ जरा उचलली की थांब."

मृण्मयीने तसं केलं. खरखर खूप कमी झाली, पण पडद्यावर सारख्या अंतरावर उठणारे टोकदार काटे काही जाईनात.

"जवळच विजेवरचं काहीतरी चालू आहे," आत्या म्हणाली.

मृण्मयी गच्चीवर धावली. मुलांनी कौतुकाने अँटेनाला दिव्यांची माळ गुंडाळली होती! तिने रागारागाने प्लग उपटला. ती खाली आली, तेव्हा काटे गेले होते.

अकरा एकतीसला पडद्यावर एक बारीक तिरकी रेघ उमटली. खाली अक्षरं आली : काजवा. तापमान एकोणीस. बॅटरी ठीक.

"हा रोज बोलत होता!" मृण्मयीचे डोळे भरून आले, पण राग काही जाईना. "गोंधळ आमचा आणि शिक्षा त्याला!"

तिने केंद्राला सगळं कळवलं. लगेच उत्तर आलं, "अभिनंदन. काजव्याचं नाव जाळायच्या यादीतून काढलं. आता यादीत शाळांचे अकरा उपग्रह उरले."

"अकरा?" मृण्मयी उसळली. "आत्या, त्यांचे गेन कुणी पाहिले?"

आत्याने तिच्या हातात फोन दिला. मृण्मयीने यादीतल्या पहिल्या शाळेचा नंबर लावला.