कांडोळांची टेकडी गप्प झाली

जंगल टिकटिकत होतं आणि ते फक्त दोघांनाच ऐकू येत होतं. एक ईरा काळमेघ आणि दुसरा लांबू.

तुम्ही म्हणाल, किडा असेल, पक्षी असेल. ईराच्या बाबांना तेही वाटलं नाही. "तुह्या कानातल्या मशीनचा घोळ हाय तो," असं सांगून ते मोकळे झाले. लहानपणी तापात ईराचं ऐकणं गेलं होतं. मग डॉक्टरांनी तिच्या कानात नव्या तऱ्हेचं यंत्र बसवलं, आणि तिला तुमच्याआमच्यापेक्षा जरा जास्तच ऐकू येऊ लागलं. वटवाघळांची बडबडसुद्धा! ते जास्तीचं बंद करून देतो असं डॉक्टर म्हणाले होते, पण फुकट मिळालेली गंमत कोण सोडतं?

ही टिकटिक मात्र निराळीच होती. मेळघाटच्या कडेला, गावामागच्या टेकडीवर, भर दुपारी पान हलत नसताना ती सुरू व्हायची. बंद दाराच्या आतून कोणी नखानं टकटक करावं तशी. ऐनाच्या खोडाजवळ जावं तर आवाज ऐनाच्या आतून. धावड्याजवळ जावं तर त्याच्याही आतून.

लांबू म्हणजे जंगल राखणारा यंत्रमानव. दोन माणसं एकावर एक उभी केली तर होईल एवढी त्याची उंची, म्हणून हे नाव ईरानंच ठेवलेलं. पावसाळा संपता संपता तो या टेकडीवर आला आणि दोघांची गट्टी जमली.

"मलाही आवाज येतो," तो म्हणाला होता. "आवाज आहे म्हणजे झाड जिवंत आहे."

टेकडीच्या माथ्यावर कांडोळांचा जथा होता. कांडोळाला कुणी भुत्या म्हणतात ते उगाच नाही. पांढरंफटक, गुळगुळीत खोड, अंगाला राख फासून कुणी उभं राहावं तसं. दिवाळीच्या सुमारास हे कांडोळ टिकटिकत होते. मग त्यांची पानं गळली आणि एकेक झाड गप्प होत गेलं. जे गप्प होईल ते ईरा लांबूला दाखवायची, आणि लांबू त्याच्यावर लाल रंगाचा पट्टा ओढायचा. आजारी झाडांची ही निशाणी असेल, असं ईराला वाटलं. तिनं विचारलंच नाही.

विचारलं ते फाल्गुनात. तोवर माथ्यावरच्या जवळजवळ सगळ्या खोडांवर पट्टे आले होते. दोन-तीन म्हाताऱ्या कांडोळांना लाल लवदार फळं लागली होती, तेवढी झाडं लांबूनं सोडली होती.

"हे पट्टे कायले रे?"

"ही झाडे मेली आहेत. मेलेले लाकूड वणव्यात लवकर पेटते. उद्या सकाळी मी ती कापणार आहे. तू मला मोठी मदत केलीस."

ईरानं जवळच्या कांडोळाला कान लावला. काहीच नाही. दुसऱ्याला लावला. तिथंही काही नाही. एवढी मोठी टेकडी, एवढी झाडं, आणि आत चिटपाखरू नसलेल्या घरासारखी शांतता. आपण बोट दाखवलं म्हणून ही झाडं मरणार, आणि त्यांना ते कळलं आहे, असं तिला वाटलं. ती जी पळत सुटली ती थेट घराच्या दारात येऊन थांबली.

नशीब तिचं, होळीसाठी नागपूरची आत्या आली होती. आत्या वनस्पतिशास्त्रज्ञ. झाडांचा विषय निघाला की तिचा चहा गार होतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक. ईरानं धापा टाकत सगळं सांगितलं. आत्यानं कप तसाच ठेवला, बॅगेतून जांभळ्या प्रकाशाची विजेरी आणि एक लाल काच काढली, खुंटीवरचं घोंगडं उचललं आणि ती चपला घालून निघालीसुद्धा.

"त्या टिकटिकीचं आधी सांगते," चढता चढता ती म्हणाली. "खोडात केसाहून बारीक नळ्या असतात, जलवाहिन्या (मुळांकडून पानांकडे पाणी नेणाऱ्या नळ्या). पानातून पाण्याची वाफ उडते. उडणारं पाणी मागच्या पाण्याला वर ओढतं, ते त्याच्या मागच्याला. मुळापासून शेंड्यापर्यंत पाण्याची दोरी ताणलेली असते बघ."

"आन् जमिनीत पाणीच नसंल तं?"

"तर दोरी आणखी ताणते, आणि एखाद्या नळीत तुटते. तिथं बुडबुडा होतो आणि आवाज येतो, टिक! तो आवाज श्राव्यातीत असतो (माणसाच्या कानाला ऐकू न येणारा). तुझी गोष्ट वेगळी."

ईरा चालता चालता थांबली. "म्हंजे ते तहानले होते? मी इतके दिवस त्यायची तहान आयकून राहिली होती?"

"हो गं."

हिवाळाभर ती त्या आवाजाच्या तालावर उड्या मारत होती.

"मग आता गप्प झाले, म्हंजे मेलेच ना?"

"गप्प व्हायला दोन कारणं असू शकतात. एक तर मरण. नाहीतर पानगळ. पानंच नसली तर पाणी ओढणार कोण? दोरी ढिली पडते. ढिली दोरी तुटत नाही."

माथ्यावर लांबू हाताला जोडलेलं करवतीचं पातं तपासत होता. पात्याचा झण्ण आवाज पांढऱ्या खोडांमधून फिरून परत येत होता.

"लांबू, तू जंगल शिकलास कुठं?" आत्यानं विचारलं.

"कोकणातल्या सदाहरित जंगलात (बारा महिने हिरव्या राहणाऱ्या). तिथे ज्या झाडाला पाने नव्हती आणि आवाज नव्हता, ते मेलेले होते."

"इथली रीत निराळी आहे बाबा. इथली झाडं उन्हाळ्यात जाणूनबुजून पानं गाळतात, पाणी वाचवायला."

"पाने नाहीत, तर झाड अन्न कशाने करते? पुरावा दाखवा."

आत्यानं एका कांडोळाचा कागदासारखा सुटलेला पापुद्रा अलगद काढला. आत हिरवंगार होतं! ईरा टाळ्या पिटणार, एवढ्यात लांबू म्हणाला, "वाळवलेली मेथीही हिरवी असते."

"शहाणा आहेस," आत्या हसली. "मग ये, वाक."

घोंगड्याखाली तिघंही खोडाला चिकटून बसले, लांबूचं फक्त डोकं आत. आत मिट्ट काळोख होता आणि घोंगड्याचा उग्र वास. सालीला अंधाराची सवय होऊ दे, म्हणून आत्यानं बराच वेळ कुणाला बोलू दिलं नाही. ईराला बाहेर लांबूच्या हातावरची करवत आठवत होती. हे झाड मेलेलं निघालं तर? सगळीच निघाली तर?

आत्यानं विजेरी लावली आणि लाल काच डोळ्यांपुढे धरायला दिली. काचेतून जांभळा प्रकाश दिसेना. दिसलं ते खोड, आणि खोडाच्या कातडीखालून निखाऱ्यासारखा लाल उजेड वर येत होता. ईरानं आत्याचा दंड घट्ट धरला.

"भिऊ नको. ही प्रतिदीप्ती (घेतलेला प्रकाश दुसऱ्या रंगात परत देणं). हरितद्रव्य, म्हणजे झाडाचा अन्न करणारा हिरवा पदार्थ, न वापरलेला प्रकाश असा लाल करून टाकून देतं. आता पाहत राहा."

लाल उजेड आधी भडकला. मग हळूहळू, एखाद्यानं डोळा मिटत आणावा तसा मंद होऊ लागला.

"प्रकाश कमी झाला," लांबू म्हणाला. "विजेरी तेवढीच आहे. मग तो कुठे गेला?"

ईरा त्या मंदावणाऱ्या लालीकडे बघत राहिली. अंधारात झाडाचा स्वयंपाक बंद होता. उजेड आला, तेव्हा आधी तो वाया गेला. मग चूल पेटली.

"झाडानं खाल्ला!" ती ओरडली. "ते जेवून राहिलं लांबू! सालीनं जेवून राहिलं!"

"मेलेल्याला हे जमत नाही," आत्या म्हणाली.

लांबूनं घोंगड्यातून डोकं काढलं आणि त्या खोडावरचा पट्टा पुसला.

संध्याकाळपर्यंत ते झाडामागून झाड तपासत गेले. बहुतेक ठिकाणी लाल उजेड भडकला आणि विझत आला. काही खोडं मात्र काळीच राहिली. त्यांतलं एक ईराच्या फार आवडीचं होतं, झोका बांधायचं. तिनं पुन्हा पुन्हा विजेरी लावून पाहिली. शेवटी तीच म्हणाली, "हे मेलं हाय," आणि तिला रडू आलं.

उतरताना लांबू मध्येच थांबला.

"गेल्या महिन्यात मी पलीकडच्या टेकडीवर काम केले. तिथले कांडोळही गप्प होते."

ईरानं त्याच्या करवतीकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ते तिकडे गेले. पांढरे बुंधेच बुंधे, आणि वर मोकळं आभाळ. ईराला कानातलं यंत्र काढून ठेवावंसं वाटलं, पण ऐकण्यासारखं तिथं काही नव्हतंच. तिघं घोंगड्याखाली शिरत गेले. काळा बुंधा. काळा बुंधा. आणखी एक काळा. दुपार कलली तरी तेच. आत्या म्हणाली, आता पुरे. ईरानं ऐकलं नाही.

एका बुंध्याच्या तळाशी, मातीला लागून, अंगठ्याएवढा लाल ठिपका उजळला. मग तो मंद होत गेला.

"जेवतो आहे," लांबू म्हणाला.

"पावसापर्यंत टिकला तर फुटवा येईल," आत्या म्हणाली. "येईलच असं नाही."

लांबूनं करवतीचं पातं हातातून सोडवलं आणि बाजूला ठेवलं. मग आपले लांब पाय दुमडून तो बुंध्याशेजारी बसला.

"तुम्ही जा," तो म्हणाला. "इकडे शेळ्या येतात. मी थांबतो."