एक थोपणी अजून

थोपणीच्या आठवड्यात कोसमटोल्यात कोणी कपडे बाहेर वाळत घालत नाही. फवाऱ्याने कपड्याला काही होत नाही, अंगालाही होत नाही. पण भिजलेल्या तणसासारखा एक कुबट वास बसतो आणि तो दिवाळीपर्यंत जात नाही. दसरा झाला की मिलची ड्रोन येतात, आठवडाभर रानावर घरघरतात आणि निघून जातात. रान पुन्हा वर्षभर हिरवं. इतकी वर्षं हे चाललंय, की लहान पोरं पावसाळा, हिवाळा, उन्हाळा यांच्या जोडीला थोपणी हाही एक ऋतूच धरतात.

प्लास्टिक जाऊन तेव्हा दोन पिढ्या उलटल्या होत्या. दुधाची पिशवी कागदाची, जेवणाचं ताट कागदाचं, औषधाची बाटली कागदाची, घराचं छप्परसुद्धा दाबलेल्या लगद्याचं. कागद लागत नाही अशी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे लिहिणं. आणि हा सगळा कागद वैनगंगेपलीकडच्या बांबूतून, हरितपत्र नावाच्या मिलमधून यायचा. मिल आदर्श होती बरं का! तिथून बाहेर पडणारं पाणी इतकं स्वच्छ, की पाहुणे आले की मोठे साहेब तेच पेल्यात घेऊन पिऊन दाखवत. लगदा शिजवल्यावर उरणारं काळं पाणी तिथल्याच भट्टीत जळे आणि त्यावर मिल चाले. झाड एकही तुटत नसे. बांबू तोडायचा तोही नियमाने, बेटातल्या जुन्या काड्या तेवढ्या, कोवळ्या कोंबाला हात लावायचा नाही. शाश्वत विकासाची मानचिन्हं ठेवायला मिलने वेगळी खोली बांधली होती. यातलं काहीही खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत.

आता ही थोपणी म्हणजे काय, ते सांगायला हवं. बांबू आयुष्यात एकदाच फुलतो. मानवेल जातीचा बांबू चाळीसेक वर्षं नुसता वाढतो आणि मग एका साली अख्खं रान एकदम फुलतं. बी धरतं, बी गळतं आणि रान उभ्याउभ्या वाळून मरतं. तुम्ही एक फांदी तोडून दुसऱ्या मुलखात लावलीत तरी ती आईच्याच वयाची राहते आणि आईबरोबरच मरते. प्रत्येक पेशीत एक घड्याळ आहे म्हणा ना. जुन्या काळी फुलोरा आला की बी खायला उंदीर माजत, बी संपलं की घरातलं धान्य खात, आणि नवं रान तोडण्याजोगं व्हायला आठ-दहा वर्षं जात. मिलला हे परवडणारं नव्हतं आणि खरं सांगायचं तर गावालाही नव्हतं.

म्हणून मिलच्या शास्त्रज्ञांनी एक रेणू शोधला. पानांवर फवारला की तो पेशीत शिरतो आणि फुलायचा निरोप पोचवणाऱ्या जनुकाचं तोंड वर्षभर बंद करतो. वर्ष संपलं की पुन्हा फवारायचं. घड्याळ बंद पडत नाही, फक्त गजर दाबला जातो. पहिली थोपणी झाली तेव्हा ठरलं होतं, की पाच वर्षांत इतर जातींची लागवड करायची आणि मग या रानाला सुखाने फुलू द्यायचं. लागवड राहिली. उभं रान हिरवंगार असताना खड्डे कोण खणत बसतो? शेजारच्या जिल्ह्यांनी, शेजारच्या राज्यांनीही थोपणी घेतली. पाचाची पन्नासेक वर्षं झाली आणि फुलोरा पाहिलेलं माणूस गावात एकही उरलं नाही.

मिलच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. रेवती बोरकुटे यांना या सगळ्याचा मनापासून शीण आला होता. निवृत्ती जवळ आलेली, गुडघे बोलायला लागलेले. गावातच घर करून वीस वर्षं झाल्यामुळे ग्रामसभेने त्यांना आपल्यात धरलं होतं. दरवर्षी त्या फांदीवरच्या मुक्या डोळ्याचा, म्हणजे न फुटलेल्या कळीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरत. त्यात पुढे बी घडवणाऱ्या पेशी असतात. गजर दाबून ठेवला तरी त्या पेशी म्हाताऱ्या होतच होत्या आणि दरवर्षी त्यातल्या जिवंत पेशी कमी दिसत होत्या. म्हणून दरवर्षी थोपणीआधीच्या सभेत उभं राहून त्या सांगत, की थोपणी थांबवा, अजून बी धरेल.

रान ग्रामसभेचं होतं, त्यामुळे निर्णयही तिचाच. आणि कोसमटोल्याची रीत अशी, की हात मोजायचे नाहीत. सगळ्यांचं एकमत झालं तरच काम. एकाचीही ना असली तर विषय पुढच्या सालावर. ना म्हणणाऱ्याला त्या दिवशी कारण विचारायचं नाही, त्याने ते पुढच्या सभेत सांगायचं. रीत चांगलीच होती, तिने गावात कधी भांडण होऊ दिलं नाही. पण या एका बाबतीत तिने घोंगडं भिजतच ठेवलं आणि थोपणी चालू राहिली. एका साली कोणाचं घर अर्धवट, एका साली कोणाचं ऑपरेशन. तीन वर्षांपूर्वी तर सगळं गाव तयार झालं होतं. तेव्हा ना म्हणाले ते सभेचे अध्यक्षच, सोमाजी पेंदाम. त्यांची धाकटी नागपूरला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि रान वाळून बांबूचा पैसा थांबला असता तर तिला घरी बसावं लागलं असतं. आता यात चूक कोणाची काढणार?

यंदा सभेच्या दिवशी सकाळीच सोमाजी प्रयोगशाळेत आले. चपला बाहेर काढल्या आणि खुर्चीत बसता बसताच म्हणाले, "मॅडम, झालं काम! समदं गाव तयार आहे."

"कशाला?"

"कशाला म्हणता? अकरा वर्षं आमचं डोकं खाल्लं न तुमी! फुलू द्याले." सोमाजी हसले. "उन्हाळाभर घरोघरी फिरलो. कोणाच्या पाया पडलो, कोणाले शिव्या देल्या. उंदरांच्या भेवानं उंच खांबांवरच्या कोठ्या बांधून घेतल्या, धान भरून ठेवलं. पंधरा पोरं बाहेर कामाले जायाले तयार झाली. मले नात झाली, तुमाले मालूम आहे न? उद्या बारसं आहे, तुमी याच. तिच्यासाठी पाळणा विणाले घेतला तर काडी पाहा कशी निघाली!" त्यांनी करंगळी दाखवली. "माह्या बापाच्या काळी मनगटायेवढी निघे. म्हटलं, हिच्या पोराच्या पाळण्याले रान राह्यलं पायजे. मग माह्या डोस्क्यात उजेड पडला."

रेवतीबाईंनी टेबलावरच्या ताटलीवर हात ठेवला. कित्येक अर्ज केल्यावर गेल्या साली पहिल्यांदाच मिलने त्यांना पाच बेटं थोपणीतून सोडायची परवानगी दिली होती. पाचही बेटं फुलली होती. एका बेटाचा पराग दुसऱ्यावर त्यांनी स्वतः ब्रशने लावला होता. आज पहाटेपासून त्या ताटलीतलं एकेक बी नखाखाली दाबून पाहत होत्या. टरफल दबायचं. आत काही नव्हतं, एकाही बियात नव्हतं.

"हे काय, बी?" सोमाजींनी मान पुढे काढली. "अगाऽ! मी तं जिंदगीत पाह्यलं नव्हतं. भातावानी दिसते."

"हो, भातासारखंच असतं."

"मंग हे पडलं का उगवते?"

इथे रेवतीबाईंनी खरं सांगायला हवं होतं. सांगायचं ते चार शब्दांतच होतं, सगळं बी पोचट आहे. म्हणजे यंदा रान फुललं तर ते मरेल आणि त्याच्या मागे एक कोंबही उगवणार नाही, इथे नाही आणि शेजारच्या राज्यांतही नाही, कारण सगळीकडे हाच बांबू आणि हीच थोपणी. थोपत राहिलं तर बारीक बारीक होत अजून काही वर्षं उभं राहील. अकरा वर्षं ज्यासाठी त्या घसा फोडत होत्या ते करायला गाव आज उठलं होतं आणि आज ते करणं म्हणजे स्वतःच्या हाताने रान संपवणं होतं. त्यांना रडूच आलं असतं, पण रडायलाही अंगात त्राण लागतं.

"पाऊस लागतो आधी," त्या म्हणाल्या.

सोमाजी खूश होऊन उठले. "चला मंग, सभेत या. तुमाले पहिल्या ओळीत बसवतो."

दुपारी समाजमंदिराच्या ओट्यावर सभा भरली. सोमाजींनी विषय मांडला, कोठ्यांचं सांगितलं, धानाचं सांगितलं. म्हाताऱ्या माना हलवत होत्या. कोणी विनोद केला, की उंदरांनाही आमंत्रण धाडा. मग रीतीप्रमाणे सोमाजींनी विचारलं, "कोणाची ना आहे का?"

कोणाचीच ना आली नाही. असं रेवतीबाईंनी वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. बायांच्या घोळक्यात सोमाजींची सून तान्हीला मांडीवर घेऊन बसली होती. उद्या हिचं बारसं. एवढं होऊन जाऊ दे, रेवतीबाईंच्या मनात आलं. बारशाच्या आदल्या दिवशी कुठे सांगायचं? पुढच्या वर्षी कारण सांगायचंच आहे, तेव्हा नीट सांगू, आकडे घेऊन सांगू. आणि मनात हे येताच त्यांना स्वतःचीच किळस आली, कारण अकरा वर्षं लोकांच्या तोंडून त्या हेच ऐकत आल्या होत्या.

त्यांनी हात वर केला.

"माझी ना आहे."

पाठीमागे कोणीतरी "आँ?" केलं. सोमाजींचं तोंड उघडंच राहिलं. पण रीत ती रीत. ते सावरून म्हणाले, "मॅडमची ना आहे. विषय पुढच्या सालावर."

रेवतीबाईंना वाटलं होतं लोक चिडतील. उन्हाळाभर राबलेली माणसं, चिडायचा हक्कच होता त्यांना. पण कोणी चिडलं नाही. पाच-दहा क्षण गेले आणि ओट्यावर हलकी कुजबूज सुरू झाली, मग हसणं, मग चक्क गडबड. बाहेर कामाला जाणाऱ्यांतलं एक पोरगं आईच्या पाठीवर थाप मारून म्हणालं, "चल, वाचलो!" कागदी कपांतून चहा फिरला. एक म्हातारी मुद्दाम जवळ आली, रेवतीबाईंच्या गालांवरून हात फिरवून तिने कानशिलावर बोटं मोडली आणि म्हणाली, "देव तुमचं भलं करो, बाई. एक साल तं भेटलं." सगळ्या गावाच्या मानेवरचं जू उतरलं होतं आणि ते उतरवणाऱ्या म्हणून सगळे त्यांच्याकडे मायेने पाहत होते.

घराच्या वाटेवर सोमाजी मागून आले.

"मॅडम, कारण नाही विचारत," सोमाजी म्हणाले. "रीत आहे. पण सकाळी त्या बियावरून तुमी हात काढतच नव्हत्या."

त्यांनी हात पाठीमागे घेतला.

"येक सांगा फकस्त. ज्या साली मी ना म्हटली, पोरीच्या शिक्षणासाठी..." सोमाजी वाटेतच उभे राहिले. "त्या साली फुलू देलं असतं, तं जमलं असतं का?"

त्या साली कापातल्या निम्म्याअधिक पेशी जिवंत होत्या. रान पुन्हा उगवलं असतं. रेवतीबाईंना ते स्वतःच्या नावाइतकं पक्कं ठाऊक होतं.

"नाही हो, भाऊ," त्या म्हणाल्या. "तेव्हाही उशीरच झाला होता. तुमच्यामुळे काही झालं नाही."

सोमाजींनी मोठा श्वास सोडला आणि दुपट्ट्याने तोंड पुसलं. माणूस एकदम हलका झाला. "बरं झालं सांगतलं. तीन सालं झोप नव्हती मले." मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, "उद्या बारशाले या मंग. पाळणा बारीक काड्यांचा आहे, पण झुलते चांगला."

"येते ना," रेवतीबाई म्हणाल्या.

नदीच्या बाजूने ड्रोनची घरघर सुरू झाली. सोमाजींनी खिशातून फोन काढला आणि सुनेला सांगितलं, की थोपणी निघाली, पोरीची दुपटी आत घे.