निरोप यायच्या आधी

चौऱ्याहत्तर सालच्या मार्गशीर्षात केरबा जावयाची ट्रंक सोडवायला कोल्हापूर स्टेशनवर गेला. ऊन उतरत होतं. पार्सलचा कारकून चहाला गेलेला, म्हणून केरबा फलाटाच्या टोकाला जाऊन बसला.

जावई म्हणजे सख्ख्या बहिणीचा मुलगा, गणपती. केरबा तिकडं घाटात, विजेच्या गाड्यांच्या तारा दुरुस्त करणाऱ्या गँगचा मुकादम होता. त्यानंच भाच्याला नोकरीला लावलं, आपली लेक अंजना दिली. दोन महिन्यांमागं शिडीवर चढताना गणपतीनं विचारलं होतं, "मामा, तार बंद हाय न्हवं?" करंट तोडल्याचा निरोप अजून आला नव्हता. रोज याच वेळेला तोडतात, तोडलाच असंल, असं धरून केरबा म्हणाला होता, "व्हय, चढ."

तार चालू होती.

साहेबांच्या चौकशीत आणि अंजनापुढंही त्यानं एकच सांगितलं, की पोरगं न विचारता चढलं. मग नोकरी सोडून तो गावी आला.

फलाटावर बसल्या बसल्या त्याला सणसण ऐकू आली. गाडी यायच्या आधी तार सणसणते, तशी बारीक, लांबून जवळ येणारी. त्यानं वर पाहिलं. कोल्हापूरच्या रुळांवर तार नव्हती, खांब नव्हते. इथं अजून कोळशाचं इंजिन. वर नुसतं तांबूस, रिकामं आभाळ. तरी सणसण डोक्यावर येऊन थांबली, आणि केस जळल्याचा वास आला.

"मामा..." वरून आवाज आला. शांत, कामावरचा. "तार बंद हाय न्हवं?"

केरबा उठून उभा राहिला. कसाबसा तो म्हणाला, "न्हाय रं लेकरा... चालू हाय. उतर खाली."

मग काहीच ऐकू आलं नाही.

ट्रंक डोक्यावर घेऊन तो घरी आला. अंजना चुलीपुढं भाकरी थापत होती. उंबऱ्यातच बसून त्यानं लेकीला खरं काय ते सगळं सांगितलं. ती शिव्या देईल, हाकलून लावील, म्हणून तो मान खाली घालून वाट बघत राहिला. तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

"मला ठावं हाय, आबा," ती हळू म्हणाली. "सोमवारी आलते. भाईरच हुबं ऱ्हायले. म्हनले, मामाला काय बोलू नगंस... म्हातारा हाय, खचंल."

केरबा हमसून हमसून रडला. अंजनाचे डोळे कोरडेच होते. तिनं त्याच्या पाठीमागं, दाराबाहेर पाहिलं आणि पिठाच्या हातानं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"जरा सरका, आबा," ती म्हणाली. "आत येऊ द्या त्यास्नी."