बिनखिळ्याचा बाक

"बेलव्ह्यूतल्या निम्म्या मराठी घरांतले पलंग मी जोडलेत," सौमित्र सुतारकामाच्या क्लासमध्ये शेजारी उभ्या असलेल्या मुलीला म्हणाला. आत्ताच ती फोनवर आईशी मराठीत बोलली होती, म्हणून हिंमत. "लाकूडकाम म्हणजे आपल्या डाव्या हातचा मळ!"

एवढं बोलून त्याने जपानी करवत अक्रोडाच्या लाकडावर टेकवली आणि जोरात पुढे ढकलली. जपानी करवत ओढताना कापते. ढकलली की वाकते. ही वाकायच्याही भानगडीत पडली नाही, सरळ मोडली.

"पलंग कसे जोडलेस रे?" मुलीने विचारलं.

"बॉक्समध्ये पाना येतो ना... आणि चित्रं असतात."

"अच्छा. चित्रं." ती हसली. तिचं नाव गिरिजा.

क्लास घेणाऱ्या सत्तरीच्या मात्सुदा सेन्सेईंनी करवतीला नवं पातं लावून दिलं आणि या दोघांची जोडी लावली. सहा शनिवारांचा क्लास, दोघांत एक बाक. खिळा नाही, स्क्रू नाही, गोंदही नाही. बैठकीत खाच, पायाच्या टोकाला जीभ, आणि जीभ खाचेत अशी बसली पाहिजे की मध्ये कागद शिरता कामा नये.

"जीभ तू कर," गिरिजा म्हणाली. "तुझी चांगली चालते."

बाहेर बेलव्ह्यूची नेहमीची पावसाची भुरभुर. आत ती थर्मासमधून चहा ओतायची, तो तिच्या केसांतला लाकडाचा छिलका दाखवायचा, काढायचा मात्र नाही — हात तिथपर्यंत जाऊन परत यायचा.

चौथ्या शनिवारी ती म्हणाली, "ऑफिस मला डब्लिनला पाठवतंय. ओहायोतलं डब्लिन. महिनाअखेरीला उत्तर द्यायचंय."

"अरे वा... काँग्रॅट्स," सौमित्र म्हणाला, आणि घरी जाऊन स्वतःला खूप बोलला.

पाचव्या शनिवारी जीभ खाचेत डुगडुगली. त्याने नवा पाय केला. सहाव्या शनिवारी तोही डुगडुगला.

"तीनदा मोजलं होतं यार!"

सेन्सेईंनी सुस्कारा सोडला आणि एक शनिवार वाढवून दिला.

सातव्या शनिवारी तिसरा पाय तयार झाला.

"बाक कोणाकडे राहणार?" गिरिजाने विचारलं.

"तू ने ना. ओहायोत... बसायला होईल."

"आणि तू?"

"मी उभा राहीन."

सौमित्रने लाकडी हातोडा खाली ठेवला, परत उचलला.

"गिरिजा, जाऊ नकोस. म्हणजे — करिअर वगैरे बरोबर आहे, जायचं तर जा... पण मला तू इथे हवी आहेस."

"सात शनिवार लागले तुला." तिने खाचेवरून बोट फिरवलं. "तुझी जीभ दोन्ही वेळा बरोबर होती, वेड्या. तू पट्टी शोधायला गेलास की मी खाच थोडी मोठी करायचे. म्हटलं, एक शनिवार वाढेल, त्यात तरी बोलशील."

"आणि मी दोन आठवडे कॅल्क्युलेटर घेऊन बसलोय!"

"ऑफिसला काल नाही म्हणून कळवलं. आज खाचेला हात लावलेला नाही. मी धरते, मार."

तिने दोन्ही हातांनी सांधा धरला. सौमित्रने आनंदाच्या भरात जो घाव घातला, त्याने जीभ एका फटक्यात खाचेत गेली. टक्.

सेन्सेई आले. सांध्यावरून नख फिरवलं, मग त्यात अडकलेल्या गिरिजाच्या स्वेटरच्या बाहीकडे पाहिलं.

"पर्फेक्ट," ते म्हणाले. सात शनिवारांतलं हे त्यांचं पहिलं कौतुक. "आता सुटणार नाही."

बाही कापायची ठरली. कात्री सापडेना, म्हणून सौमित्रने करवत घेतली, गिरिजाकडे बघत हसला आणि पुढे ढकलली.

त्याने मोडलेलं ते दुसरं पातं.