आठ थेंब

माझ्या दवाखान्यात येणारी माणसं खुर्चीला घाबरतात, सुईला घाबरतात, काही तर माझ्या मास्कलाही घाबरतात. तो मात्र बाहेरच्या खोलीत माशांच्या टाकीसमोर उकिडवा बसला होता. एक हात सुजलेल्या गालावर होता, आणि नंबर लागला तरी उठायचं नाव घेत नव्हता.

"आत या," मी दारातून म्हटलं.

"एक मिनिट... हे प्रवाळ आजारी आहे."

"आजारी तुम्ही आहात. दाढ तुमची दुखतेय."

"माझी दाढ थांबेल. हे थांबायचं नाही."

मला राग आला. खरं सांगायचं तर भीती वाटली, पण घाबरले की मी आधी चिडते. टाकी बाबांची. तेही दातांचेच डॉक्टर. अंगठ्याएवढ्या तुकड्यापासून बारा वर्षांत त्यांनी ते जांभळं प्रवाळ ताटाएवढं वाढवलं होतं. हृदयाच्या ऑपरेशनला जाताना त्यांनी माझ्या हातात टाकीची वही ठेवली आणि म्हणाले, "मी येईपर्यंत एवढं जप." ऑपरेशन नीट झालं. आता ते दादाकडे विश्रांती घेत होते, महिन्याभरात परत येणार होते, आणि इथे प्रवाळाची टोकं पांढरी पडत चालली होती. फोनवर मी रोज सांगत होते, सगळं छान आहे.

"तुम्हाला काय कळतं त्यातलं?" मी विचारलं.

"प्रवाळातलं थोडं, पाण्यातलं बरंच. जलशुद्धीकरण केंद्रात पाणी तपासतो मी. यात काय घालता?"

"कॅल्शियम. रोज," मी ऐटीत म्हणाले. दातांच्या डॉक्टरला कोणी कॅल्शियम शिकवू नये.

"आणि अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातलं कार्बोनेट, कधी मोजलीत?"

मी वही उघडली. काउंटरवरच्या मावशी उगाचच खाकरल्या. बाबांच्या वहीत दोन रकाने होते. कॅल्शियमचा आकडा कमी दिसला की मी आणखी कॅल्शियम ओतत होते, आणि दुसरा रकाना महिनाभर कोराच होता.

"कॅल्शियम आणि पाण्यातलं कार्बोनेट मिळून याचा सांगाडा बनतो," तो म्हणाला. "तुम्ही नुसत्या विटा आणून टाकताय, सिमेंटचा पत्ता नाही. तो हीटर बघा, पांढरा झालाय. तुमचं कॅल्शियम तिकडे जाऊन बसलंय, आणि जाताना कार्बोनेटही घेऊन गेलंय."

खुर्चीत बसल्यावर मात्र पंडित महाशयांचा चेहरा उतरला. रूट कॅनल करावं लागेल, असं मी सांगितलं.

"किती वेळा यावं लागेल?"

मी त्याच्याकडे पाहिलं. डोळे तपकिरी होते, घाबरलेले आणि तरीही हसरे.

"चार," मी म्हणाले.

दर बुधवारी तो येऊ लागला. आधी टाकी, मग दाढ, हा क्रम त्यानंच ठरवला. छोट्या नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब मोजत टाकायचे. पहिल्या थेंबाला पाणी निळं होतं, मग ज्या थेंबाला ते पिवळं होईल, तो अल्कलिनिटीचा आकडा. बाबांच्या वहीत वर्षानुवर्षं आठ. आमचा पहिल्या दिवशी चार.

"घाई नको," त्यानं बजावलं. "कॅल्शियम सध्या बंद. ही दुसरी, कार्बोनेटची बाटली रोज थोडी थोडी. पुढे दोन्ही लागतील, पण एक सकाळी, एक संध्याकाळी. एकदम कधीच नाही."

"आणि घातलं तर?"

"भांडतील."

तोंडात कापूस असताना त्याला बोलता यायचं नाही, तेव्हा मी बोलून घ्यायची. एक हुंकार म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. घरी कोण असतं... बहीण? एक हुंकार. बायको? दोन हुंकार, तेही जरा जास्तच घाईनं. बाहेर मावशींचं पेन खाली पडलं.

तिसऱ्या बुधवारी आकडा सातवर आला. कॅल्शियम पुन्हा सुरू झालं. वहीचा दुसरा रकाना आता त्याच्या अक्षरानं भरत होता.

चौथ्या बुधवारी कॅप बसवायची होती. मी केस मोकळे सोडले होते. मावशी म्हणाल्या, "आज कॅप कुणाला बसवायचीय म्हणे?" मी ऐकलंच नाही असं दाखवलं. अकरा वाजले, बारा वाजले... तो आला नाही. फोन नाही, निरोप नाही. मला इतका राग आला की समोर दोन बाटल्या दिसल्या आणि वाटलं, कसली सकाळ नि कसली संध्याकाळ. दोन्ही मापं एकाच कोपऱ्यात, एकापाठोपाठ एक ओतली.

पाणी दुधासारखं झालं. प्रवाळ दिसेना. बाबा रविवारी येणार होते.

"पांढरं झालंय सगळं," मी त्याला फोन लावून एवढंच म्हणू शकले.

"काही घालू नका. पंप चालू ठेवा. आलोच."

अर्ध्या तासात तो दारात होता, घामाघूम. टाकीसाठी समुद्री मीठ मिसळून ठेवलेलं नवं पाणी मागे होतं, ते आम्ही बादली बादलीनं बदललं. बाह्या कोपरापर्यंत ओल्या झाल्या. एकदा त्याचा हात माझ्या हाताला लागला आणि दोघांनीही तो लगेच काढला नाही.

"का नाही आलात?" शेवटी मी विचारलं.

तो बादलीत बघत राहिला. "बसस्टॉपपर्यंत आलो होतो. मग वाटलं... कॅप बसली की इथलं काम संपलं. टाकी आठवर आली की तेही संपलं. कारण काय सांगून येणार होतो?"

माझ्या हातातून पाणी ठिबकत होतं. "मग सातवरच ठेवूया का?"

"बाबा रागावतील," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच सुजेशिवायच्या दोन्ही गालांनी हसला.

रविवारी पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. तोही सकाळपासून तपासायची नळी घेऊन हजर होता. दादानं बाबांना दारात सोडलं आणि गाडी लावायला गेला. बाबा सावकाश टाकीपाशी आले, वाकले. टोकं अजून फिकट होती, पण त्यांवर प्रवाळाची इवलीशी जांभळी फुलं उघडली होती. मी सगळं सांगून टाकलं... पांढरा हीटर, दुधासारखं झालेलं पाणी, फोनवरचं खोटं. ते रागावले नाहीत. त्यांनी वही उघडली.

"हे सातचे आकडे तुझ्या अक्षरातले नाहीत."

"माझे आहेत," तो कोपऱ्यातून म्हणाला. नळी त्याच्या हातात होती. बाबांनी त्याला थेंब टाकायला लावले. सात झाले, पाणी निळंच. आठव्याला पिवळं झालं. बाबांनी मान डोलावली आणि सवयीनं म्हणाले, "तोंड उघडा बघू."

त्यानं आज्ञाधारकपणे उघडलं.

"कॅप राहिलीय अजून?"

"हो. चौथी बैठक बाकी आहे," मी म्हणून गेले.

"चौथी?" बाबांनी चष्मा काढला, माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा त्याच्याकडे. "एवढं काम तर ही दोन बैठकांत करते."

तो हळूहळू माझ्याकडे वळला. तोंड अजून उघडंच होतं, त्यामुळे त्याला काही बोलता येईना.

"खरं आहे," मी म्हणाले. "मला तुम्ही पहिल्याच दिवशी आवडलात."

एक हुंकार आला. स्पष्ट, लांब, एकच.