घोरतोय म्हणजे बरा आहे

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी डोरीन व्हेलन आपल्या मुलाचं सामान आणायला निघाली. आयोवातलं तिचं गाव कॉलेजपासून दोन तासांवर. शाळेची बस चालवायची ती; सकाळची फेरी आटोपली, दुपारची दुसऱ्या बाईवर सोपवली आणि आपली जुनी गाडी काढली. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी मक्याची कापणी चालली होती. धुळीने आभाळ पिवळट झालं होतं.

टोबी जाऊन पाच आठवडे झाले होते. एकोणीस वर्षांचं पोर. कॉलेजच्या डीनचं पत्र आलं होतं: तीव्र दुःख, सखोल चौकशी, सामान घेऊन जावे. पत्रात 'दुर्दैवी प्रसंग' हे शब्द तीनदा होते, 'दारू' हा शब्द एकदाही नव्हता.

टोबी राहायचा ते घर म्हणजे कॉलेजातल्या पोरांच्या एका बंधुमंडळाचं, फ्रॅटर्निटीचं घर. पांढरे खांब, विटांच्या भिंती आणि दारावर तीन ग्रीक अक्षरं. आत राहणारी पोरं एकमेकांना 'भाऊ' म्हणायची. टोबीनेही फोनवर मोठ्या आनंदाने सांगितलं होतं, "आई, एकुलता एक होतो ना मी? आता चाळीस भाऊ मिळाले." त्यानंतर नवव्या दिवशी त्या चाळीस भावांनी त्याला तळघरात मरू दिलं.

ग्रँट नावाचा मंडळाचा अध्यक्ष व्हरांड्यातच उभा होता. केस नीट बसवलेले, सदऱ्याला इस्त्री. दोन खोकी त्याने आधीच पायरीवर आणून ठेवली होती. मिसेस व्हेलन, आम्हा सगळ्यांना फार वाईट वाटतं, असं तो म्हणाला. पाठ केल्यासारखं म्हणाला. खोकी गाडीत ठेवून देऊ का, असंही त्याने विचारलं. म्हणजे दारातल्या दारात काम उरकायचं होतं त्याला.

घरातून गाणी दणदणत होती. दुपारचे सव्वातीन वाजलेले, आठवड्यातला कामाचा दिवस, आणि आवाज असा की व्हरांड्याच्या फळ्या थरथरत होत्या. माझा मुलगा जिथे गेला ती जागा मला बघायची आहे, असं डोरीनने सांगितलं. ग्रँटने सबबी काढल्या. तळघराला नवा रंग दिलाय, वास येतो, जिना अरुंद आहे. ती त्याच्या बाजूने आत शिरली. बसमधल्या साठ पोरांना एका नजरेत गप्प करणारी बाई ती, ग्रँटला थोडीच जुमानणार?

आत गेल्यावर तिच्या ध्यानात आलं, प्रत्येक खोलीत स्पीकर होता. स्वयंपाकघरात होता, जिन्यावर होता, न्हाणीच्या दारापाशीसुद्धा होता. आणि ऐकत कुणीच नव्हतं. सात-आठ पोरं इकडेतिकडे बसली होती, डोळ्यांखाली काळं, मान खाली. कुणाचा पाय तालावर हलत नव्हता.

"हे बंद करा," डोरीन म्हणाली.

"ते चालूच असतं, मॅडम," ग्रँट म्हणाला. "रात्रीपण. आम्हाला... सवय झालीय."

तिने वायर कुठे जाते ते पाहिलं, भिंतीपाशी गेली आणि प्लग उपसून काढला.

घर एकदम गप्प झालं. एका पोराने कानांवर हात ठेवले. क्षणभर नुसता फ्रीजचा घूंऽ असा आवाज. आणि मग खालून, तळघराच्या जिन्यातून, संथपणे वर आलं ते...

घोरणं.

जड, ओलं, घशात काहीतरी अडकल्यासारखं. आत ओढलेला लांब श्वास. मग काहीच नाही. मग हळूच बाहेर सुटलेला श्वास, आणि त्याच्या शेवटाला बारीक शीळ.

ती शीळ डोरीनच्या ओळखीची होती. आठवीत कुस्ती खेळताना टोबीचं नाक मोडलं होतं. तेव्हापासून झोपेत त्याच्या डाव्या नाकपुडीतून अशीच शीळ निघायची. शेजारच्या खोलीतून ती सहा वर्षं ऐकली होती तिने.

ती जिना उतरली. खाली फिनेलचा भपकारा होता, नव्या रंगाचाही होता, पण त्या दोन्हींच्या खालून आंबूस, गोडसर असा व्हिस्कीचा वास येतच होता. कोच तिथून हलवलेला होता. गालिच्यात त्याच्या पायांचे चार खळगे तेवढे उरले होते. आवाज त्या चार खळग्यांच्या मधून येत होता. जमिनीपासून हातभर उंचीवरून. तिथे काहीही नव्हतं.

ती गुडघ्यांवर बसली आणि तिने तळहात पुढे केला. श्वास बाहेर सुटला तेव्हा तिच्या मनगटाला दमट ऊब लागली.

पोरं एकेक करून जिन्यावर येऊन थांबली होती. कधीपासून चाललंय हे, तिने मागे न वळता विचारलं. उत्तर दिलं ओवेन नावाच्या एका हडकुळ्या पोराने. तो टोबीच्याच वर्गातला, त्याच्याबरोबरच मंडळात आलेला. अंत्यसंस्काराच्या दिवसापासून, तो म्हणाला. रात्री अकराला सुरू होतं, पहाटे चारला थांबतं. मग तासाभराने पुन्हा सुरू होतं, दिवसभर चालतं. कोच जाळून टाकला तरी थांबलं नाही.

मग कुणी न विचारता त्याने बाकीचंही सांगून टाकलं. त्या शनिवारी रात्री प्रत्येक नव्या पोराला त्याच्या 'थोरल्या भावाने', म्हणजे नेमून दिलेल्या जुन्या सभासदाने, एकेक अख्खी बाटली दिली होती. संपवल्याशिवाय उठायचं नाही, हा नियम. टोबीची बाटली पाऊण तासात संपली, कारण बाकीचे भोवती उभे राहून आकडे मोजत होते. तो कोसळल्यावर त्याच्या पाठीला पुस्तकांनी भरलेलं दप्तर बांधलं, म्हणजे उताणा होऊन ओकारीने गुदमरायला नको. डोरीन ऐकत राहिली. म्हणजे ह्यांना माहीत होतं. माणूस असा मरू शकतो हे ह्यांना नीट माहीत होतं, त्यावरचा तोडगासुद्धा वर्षानुवर्षं तयार होता. फक्त फोन करणं तेवढं त्या तोडग्यात बसत नव्हतं. मग त्यांनी त्याच्या कपाळावर पेनाने चित्रं काढली. फोटो घेतले. आणि झोपायला गेले.

"मी अँब्युलन्सचा नंबर लावला होता," ओवेन म्हणाला. "ग्रँटने फोन काढून घेतला माझ्या हातातून. म्हणाला, घोरतोय ना? घोरतोय म्हणजे बरा आहे. घोरणारा माणूस मरत नाही."

सकाळी नऊ वाजता टोबी गार पडलेला सापडला. त्यांनी आधी बाटल्या उचलल्या. मग फरशी पुसली. मग फोटो पुसले. मग ग्रँटच्या वडिलांच्या वकिलाला फोन झाला, आणि सगळ्यात शेवटी अँब्युलन्सला.

खळग्यांमधला श्वास आता लांबत चालला होता. डोरीन मनातल्या मनात मोजत होती. नऊ... दहा... अकरा... मग आत ओढल्याचा घरघराट.

"फोन करा," ती म्हणाली.

ग्रँटने ओठांवरून जीभ फिरवली. "पण मॅडम, तिथे कुणी नाहीये. काय सांगणार?"

"तेव्हा तो होता. तेव्हा काय सांगणार होतास?"

ओवेनने खिशातून फोन काढला. या वेळी त्याच्या हातातून तो कुणी घेतला नाही. पत्ता त्याने नीट सांगितला. "आमचा मित्र आहे. खूप प्यायलाय. हलवला तरी उठत नाही... हो. श्वास घेतोय. अजून घेतोय."

सात मिनिटं. डोरीनने भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं होतं. फोन ठेवल्यापासून जिन्यावर बूट वाजेपर्यंत सात मिनिटं लागली. त्या रात्री ह्यांच्याकडे पाच तास होते.

अँब्युलन्समधून उतरलेली बाई पन्नाशीची होती, नाव लुआन. बरोबर एक दांडगा मदतनीस. लुआनने कुणाच्याही तोंडाकडे पाहिलं नाही. ती सरळ त्या चार खळग्यांपाशी गेली, गुडघे टेकले, हवेत दोन बोटं टेकवली आणि दुसऱ्या हातातलं घड्याळ बघत राहिली. डोरीन डोळे फाडून पाहत होती. तिला गालिचा दिसत होता, नुसता गालिचा.

"किती वेळ पडलाय हा असा?" लुआनने विचारलं.

"सप्टेंबरपासून," ओवेन म्हणाला.

लुआनने वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. "मग आज कशाला बोलावलंत?" एवढंच ती म्हणाली.

तिने स्ट्रेचर उघडलं, पट्टे बांधले. जिना अरुंद आहे, चौघं या, म्हणाली. डोक्याच्या बाजूला ग्रँट आला. उचलताना चौघांच्याही मानेच्या शिरा फुगल्या. रिकामं स्ट्रेचर होतं ते, पण पाचव्या पायरीवर ग्रँटचा गुडघा दुमडला आणि तो भिंतीला टेकून हुंदके देऊ लागला. दोन वेळा तो "सॉरी" म्हणाला. कुणाला, ते कळलं नाही. घोरणं त्यांच्याबरोबर जिना चढलं, व्हरांडा ओलांडून गाडीत गेलं. गाडीची दारं बंद झाली तशी ते ऐकू येईनासं झालं. त्या घरात पाच आठवड्यांनी शांतता झाली, आणि पोरं त्या शांततेलाही घाबरून अंगणात येऊन उभी राहिली.

लुआनने डोरीनचा फोन नंबर कागदावर टिपून घेतला. आत एकालाच बसता येतं आणि ती जागा भरलीय, असं तिने सांगितलं. डोरीनने पायरीवरची खोकी गाडीत टाकली आणि ती मागोमाग गेली.

हॉस्पिटलमध्ये ती अंधार पडेपर्यंत बाकावर बसून होती. खिडकीवरच्या मुलीने दोनदा शोधून पाहिलं. व्हेलन नावाचं कुणी दाखल नव्हतं. लुआनही पुन्हा दिसली नाही. शेवटी डोरीन उठली आणि दोन तास गाडी चालवून घरी आली. खोकी गाडीतच राहिली.

सकाळी सातला फोन वाजला. हॉस्पिटलमधली नर्स बोलत होती, रात्रपाळी संपवून निघायच्या घाईत. तुमच्या मुलाच्या कागदांत एक गोष्ट अडलीय, ती म्हणाली.

मुलगा कुठे आहे, एवढंच डोरीनने विचारलं.

गेला की, नर्स म्हणाली. पहाटे चारला, आपल्या पायांनी. न्यायला आले होते त्याला. नियम आहे म्हणून तिने सगळ्यांच्या सह्या घेतल्या होत्या. तशी गुणी पोरं वाटली, पण हसत-बोलत नव्हती. एवढ्या थंडीत एकाच्याही अंगात कोट नव्हता. एकाचे केस खांद्यापर्यंत आणि कॉलर ही एवढी मोठी, जुन्या फोटोंत असते तशी. दोघा-तिघांच्या पायांत काहीच नव्हतं, आणि एकाच्या पाठीला अजून पुस्तकांनी भरलेलं दप्तर बांधलेलं होतं.

"अकरा जणांनी सह्या केल्यात," नर्स म्हणाली. "नात्याच्या रकान्यात सगळ्यांनी 'भाऊ' लिहिलंय. ते ठीक आहे. पण बाराव्या ओळीवरसुद्धा 'भाऊ' लिहून ठेवलंय आणि नाव कोरं सोडलंय. मी विचारलं, हा कुठे आहे? तर तुमचा मुलगा म्हणाला, तो शनिवारी येईल..."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"नाव तुम्हाला ठाऊक असेल, तर तेवढं सांगता का?"